तेरा नंबरचा टी-शर्ट

परवा आमच्या घरात एका टी-शर्टवरून महाभारत घडलं. म्हटलं तर विषय अगदीच किरकोळ. नातू सोहम नववीत आहे, शाळेच्या हँडबॉल संघात खेळतो. या वर्षी संघाचे नवे टी-शर्ट यायचे होते आणि पाठीवर कुणाला कोणता नंबर हवा ते मुलांनी कागदावर लिहून द्यायचं होतं. सोहमने लिहिलं, १३. चिरंजीवांनी सहज विचारलं, "तेराच का रे?" तर म्हणाला, "निकोला काराबातिचचा नंबर आहे तो." चिरंजीवांनी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी मोबाइल काढून शोधलं. पाच मिनिटांत चेहरा बदलला. "अरे, ह्याला तर कोर्टाने शिक्षा केलीय! बेटिंगच्या प्रकरणात! असल्या माणसाचा नंबर पाठीवर घेऊन फिरणार तू?"

झालं! सोहम रडकुंडीला आला. "बाबा, त्या मॅचमध्ये तो खेळतसुद्धा नव्हता!" चिरंजीव म्हणाले, "चोर चोरच." सूनबाई आतून म्हणाल्या, "आधी जेवून घ्या, पानं वाढलीत." जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी सोहम माझ्याकडे वळला, "आजी, तू टीचर होतीस ना? मग तू सांग, कोण बरोबर?"

पस्तीस वर्षं मी मराठी आणि इतिहास शिकवला. निकाल देण्याची सवय हाडात भिनलेली आहे, हे घरातले सगळे जाणतात (आणि वाचणारे नातलग आत्ता हसत असतील). पण या वेळी मी म्हटलं, "मला आठ दिवस दे." मी आठ दिवस का मागितले, ते पुढे सांगेन. तो निकाल त्याला एकट्याला सांगून भागणार नव्हतं, म्हणून आज इथे लिहायला बसले.

आधी थोडं खेळाविषयी. हँडबॉल म्हटलं की आपल्याकडे अनेकांना फुटबॉलमधला फाउलच आठवतो. मलाही तेवढंच ठाऊक होतं. सोहमच्या कृपेने कळलं, की हा स्वतंत्र खेळ आहे आणि युरोपात त्याचं मोठं प्रस्थ आहे. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदान, एका बाजूला सात खेळाडू, त्यांतला एक गोलकीपर. अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन डाव. चेंडू हातात धरून तीन पावलांपेक्षा जास्त जायचं नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तो नुसता धरून ठेवायचा नाही. गोलसमोर सहा मीटरचं अर्धवर्तुळ असतं, त्यात गोलकीपरशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. म्हणून हल्ला करणारा रेषेबाहेरून उडी मारतो, हवेत असतानाच चेंडू फेकतो आणि मग खाली येतो. बचाव करणारे रेषेवर खांद्याला खांदा लावून भिंत करतात. ती अंगाला अंग भिडणारी झटापट पाहून मला आपली कबड्डीच आठवली. एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास-साठ गोल होतात, त्यामुळे डोळ्याला उसंत नाही.

या खेळात फ्रान्सचा दबदबा आहे. १९९५ साली ते पहिल्यांदा जगज्जेते झाले. त्या देशात शाळाशाळांतून मुलं हा खेळ खेळतात, आणि ज्या क्लोद ओनेस्तांनी पुढे राष्ट्रीय संघाला सर्वोच्च स्थानी नेलं ते मूळचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. हे वाचून मला उगीचच बरं वाटलं! आपल्याकडे पीटीचा तास म्हणजे राहिलेला पोर्शन पुरा करायला इतर शिक्षकांनी हक्काने मागून घ्यायचा तास. त्या पापात मीही वाटेकरी आहे.

आता निकोला काराबातिच. सोहम शेजारी बसून वाचून दाखवत होता आणि मी वहीत टिपून घेत होते. आमचं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, आणि फ्रेंचचा तर प्रश्नच नाही.

हा मुलगा जन्माने फ्रेंच नव्हे. ११ एप्रिल १९८४ रोजी त्याचा जन्म झाला तो तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या नीश गावी. वडील ब्रांको क्रोएशियाचे, आई सर्बियाची. वडील स्वतः हँडबॉलमधले नावाजलेले गोलकीपर, युगोस्लाव्हियाकडून खेळलेले. त्यांना फ्रान्समधल्या क्लबात काम मिळालं आणि निकोला तीन-चार वर्षांचा असताना कुटुंब तिकडे गेलं. धाकटा भाऊ लुका तिकडेच, स्ट्रासबुर्गला जन्मला. पुढे काही वर्षांत युगोस्लाव्हिया फुटला, आईचं माहेर आणि वडिलांचं गाव वेगवेगळ्या देशांत गेलं. मुलगा मात्र तोवर तिसऱ्याच देशाच्या शाळेत जाऊ लागला होता. गोलकीपर बापाचा मुलगा गोल मारणारा झाला, याची मला मोठी गंमत वाटली. गोलरक्षक काय बघतो, कुठे फसतो, हे त्याला घरातच शिकायला मिळालं असणार!

दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिए शहराच्या क्लबात तो मोठा झाला. २००३ साली, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना, त्या क्लबाने युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, जिंकली. फ्रान्सच्या कुठल्याही क्लबाला तोवर ते जमलं नव्हतं. अंतिम फेरीत दोन लढती होत्या. स्पेनमधली पहिली लढत मोंपेलिए आठ गोलांनी हरला आणि घरच्या मैदानावरची दुसरी बारा गोलांनी जिंकला. २००५ मध्ये निकोला जर्मनीतल्या कील क्लबात गेला. तिथे चार वर्षांत चार वेळा जर्मन लीग आणि २००७ साली पुन्हा चॅम्पियन्स लीग. त्याच वर्षी तो जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान पुढे २०१४ आणि २०१६ सालीही त्याला मिळाला.

उंची एक मीटर शहाण्णव सेंटिमीटर, म्हणजे आपल्या हिशेबात जवळजवळ साडेसहा फूट. पण सोहमला त्याच्या गोलांपेक्षा वेगळीच गोष्ट आवडते. हँडबॉलमध्ये हल्ल्याला एक खेळाडू आणि बचावाला दुसरा, अशी अदलाबदल सामना चालू असताना सर्रास करता येते. मोठमोठे गोल मारणारे बचावाच्या वेळी बाकावर जाऊन दम खातात. हा गडी मात्र वर्षानुवर्षं दोन्हीकडे उभा राहिला. "आजी, तो बसतच नाही!" असं सोहम म्हणतो, तेव्हा त्याचे डोळे चमकतात. मास्तरणीला अशी मुलं आवडतात, हे काय वेगळं सांगायला हवं?

राष्ट्रीय संघाची कमाई तर डोळे दिपवणारी. २००६ आणि २०१० साली युरोपचं अजिंक्यपद. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकचं सुवर्ण. २००९ आणि २०११ साली जगज्जेतेपद. यांतला २००९ चा अंतिम सामना झाग्रेबला, खुद्द क्रोएशियाविरुद्ध झाला. वडिलांच्या देशाच्या राजधानीत, वडिलांच्या देशाला त्याने आणि त्याच्या संघाने २४-१९ असं हरवलं. त्या दिवशी ब्रांकोंच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी बराच वेळ करत बसले. २०११ च्या मे महिन्यात ते कॅन्सरने गेले. पुढच्या वर्षी, १२ ऑगस्ट २०१२ रोजी, लंडनला फ्रान्सने स्वीडनला २२-२१ असं एका गोलाने हरवून सलग दुसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं.

इथपर्यंत चिरंजीवही गुपचूप ऐकत होते. पुढचं पान उलटलं आणि खोलीतली हवा बदलली.

लंडनच्या सुवर्णानंतर बरोबर सात आठवड्यांनी, ३० सप्टेंबर २०१२ रोजी, पॅरिसमधला एक लीग सामना संपताच पोलिसांनी मोंपेलिएच्या खेळाडूंना ताब्यात घेतलं. चौकशीत निकोला आणि लुका, दोघेही भाऊ होते. प्रकरण त्याच वर्षीच्या १२ मेच्या सामन्याचं. सेसों नावाच्या लहान क्लबाविरुद्ध मोंपेलिए तो सामना २८-३१ असा हरला होता. मोंपेलिएचं लीगचं विजेतेपद आधीच पक्कं झालेलं होतं, त्यामुळे हरल्याने त्यांचं काही बिघडणार नव्हतं. सेसोंला मात्र वरच्या श्रेणीत टिकण्यासाठी गुण हवे होते. आणि त्या सामन्यात मध्यंतराला मोंपेलिए मागे असेल, यावर नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या रकमा लागल्या होत्या. मध्यंतराला सेसों १५-१२ असा पुढे होता. पैसे लावणारे खेळाडूंच्या जवळचे लोक निघाले. त्यांत निकोलाची जोडीदारही होती.

सोहमचं म्हणणं खरं आहे. निकोला तेव्हा जखमी होता, तो सामना खेळला नव्हता. सामना मुद्दाम सोडल्याचा आरोप त्याने कायम नाकारला. पण कोर्टाने त्याला फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं, आणि तेही दोनदा. २०१५ साली दहा हजार युरो दंड झाला. त्याने अपील केलं, तर २०१७ च्या फेब्रुवारीत अपिलाच्या कोर्टाने तो दंड ठेवून वर दोन महिन्यांची स्थगित कैद सुनावली. त्याआधीच, २०१३ च्या जानेवारीत, मोंपेलिएशी त्याचा करार संपला होता. ज्या क्लबाने वाढवलं त्याच क्लबातून त्याला बाहेर पडावं लागलं.

इथे मी सोहमला थांबवलं आणि विचारलं, "तो खेळत नव्हता हे खरं. पण म्हणून काय झालं?" तो म्हणाला, "मग त्याने काय चीटिंग केलं?" मी म्हटलं, "समज, तुमच्या वर्गात पेपर फुटलाय. एका मुलाची त्या विषयाची परीक्षाच नाही. पण कुठला प्रश्न येणार हे आतून कळल्यावर त्याच्या घरच्यांनी त्यावर पैज लावून पैसे कमावले. तो मुलगा निर्दोष?" सोहम गप्प बसला. तिकीट काढून सामना बघायला आलेला माणूस हेच धरून चालतो, की समोर जे घडतंय ते कुणालाही आधी ठाऊक नाही. खेळाची सगळी इमारत त्या एका विश्वासावर उभी आहे. २००० साली क्रिकेटमधलं फिक्सिंग बाहेर आलं, हॅन्सी क्रोनिएने पैसे घेतल्याचं कबूल केलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममधले क्रिकेटवेडे मास्तर दोन दिवस धड जेवले नव्हते. "आता जुन्या कुठल्या मॅचवर विश्वास ठेवायचा, बाई?" असं ते विचारत. म्हणून मी चिरंजीवांना सांगितलं, की ही गोष्ट लहान नाही, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

अर्धंच. कारण गोष्ट इथे संपत नाही.

त्यानंतर निकोला भावासह एक्स शहराच्या क्लबात खेळला, मग बार्सिलोनाला गेला आणि २०१५ साली तिसरी चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच वर्षी पॅरिसच्या क्लबाने त्याला बोलावून घेतलं. अटकेनंतर लगेचच, २०१३ च्या जानेवारीत, स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत तो देशाकडून खेळला होता. तेव्हा फ्रान्स उपांत्यपूर्व फेरीतच क्रोएशियाकडून हरला. पण २०१४ साली युरोपचं अजिंक्यपद आलं, २०१५ आणि २०१७ साली जगज्जेतेपद. २०१६ साली रिओला डेन्मार्ककडून हार आणि रौप्य. २०२० च्या ऑक्टोबरात, छत्तिसाव्या वर्षी, गुडघ्याचा लिगामेंट तुटला. सगळ्यांना वाटलं संपलं. पण कोरोनामुळे टोकियोचं ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी डेन्मार्कलाच २५-२३ हरवून त्याने तिसरं सुवर्ण गळ्यात घातलं. तेव्हाचे प्रशिक्षक गियोम जिल म्हणजे बीजिंगच्या सुवर्णातले त्याचेच सहकारी! बरोबरीचे मास्तर झाले तरी हा बाकावर बसायला तयार नाही.

२०२४ च्या जानेवारीत, एकोणचाळिसाव्या वर्षी, कोलोनला पुन्हा युरोपचं अजिंक्यपद मिळालं, जादा वेळेत डेन्मार्कला ३३-३१ असं हरवून. शेवट मात्र गोड झाला नाही. पॅरिस ऑलिंपिक हे घरचं ऑलिंपिक, आणि ते संपलं की निवृत्त होणार हे त्याने आधीच सांगितलेलं. ७ ऑगस्ट २०२४ रोजी लीलमध्ये जर्मनीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता. काही सेकंद उरले होते, फ्रान्स एका गोलाने पुढे, चेंडूही त्यांच्याच हातात. आणि तो चेंडू निसटला! जर्मनीने शेवटच्या क्षणी बरोबरी केली आणि जादा वेळेत ३५-३४ असा सामना घेतला. टोकियोच्या सुवर्णाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. सोहमने तो शेवट मला मोबाइलवर दोनदा दाखवला. एवढ्या मोठ्या खेळाडूचा निरोप एका निसटलेल्या चेंडूने व्हावा, आणि तो चेंडूही त्याच्या हातून निसटलेला नव्हता.

आता वहीतला हिशेब सांगते. फ्रान्ससाठी त्याची ऑलिंपिक, जागतिक आणि युरोपीय सुवर्णपदकं मिळून अकरा. त्यांतली अटकेच्या आधीची सहा, नंतरची पाच. म्हणजे ते प्रकरण त्याच्या कारकिर्दीच्या जवळजवळ मध्यावर येतं. सोहमने हे मोजलं आणि आनंदाने ओरडला, "बघा! नंतर पाच गोल्ड! त्याने सगळं धुऊन काढलं!"

आणि इथे, मंडळी, मी नातवाच्याही बाजूची राहिले नाही.

मला हे 'धुऊन काढलं' अजिबात मान्य नाही. पदकाने डाग धुतला जात असेल, तर ज्याच्याकडे पदक नाही त्याने काय करायचं? त्या खटल्यात निकोला एकटा नव्हता. आणखीही खेळाडू होते, त्यांच्या जवळची माणसं होती. त्यांची नावं सोहमला सांगता आली नाहीत, मलाही आता आठवत नाहीत. गुन्हा साधारण एकाच जातीचा. पण बार्सिलोनाचं दार त्यांच्यापैकी कितीजणांसाठी उघडलं असतं? निकोलाला जग परत आत घेतं, कारण तो निकोला आहे, तो गोल मारतो. मला सलतं ते हे. शिक्षा भोगून झाल्यावर परत येण्याचा हक्क असलाच, तर तो सगळ्यांना असला पाहिजे. हुशारीचं बक्षीस म्हणून तो मिळता कामा नये.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितेय? आठ दिवस मागून घेतले होते त्याचं कारण आता सांगते. घरातही हे कुणाला माहीत नाही.

साल १९८८. नववीची वार्षिक परीक्षा, इतिहासाचा पेपर, सुपरव्हिजन माझी. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाच्या मुठीत चिठ्ठी सापडली. मुलगा चांगला होता, अभ्यासात मध्यम, पण खो-खोमध्ये असा पळायचा की बघत राहावं. घरची परिस्थिती बेताची. वडील नव्हते, आई दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची. पेपर रद्द झाला, तो नियमच होता आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने पुन्हा परीक्षा दिली, पास झाला. शिक्षा संपली.

पण माझ्या लेखी ती संपली नाही. पुढच्या वर्षी तालुक्याच्या खो-खो संघात त्याचं नाव आलं, तेव्हा स्टाफरूममध्ये "कोण, तो कॉपीवाला?" असं म्हणणारी मी होते. शाळेचं नाव खराब होईल असा मुद्दा मीच मांडला आणि नाव कापलं गेलं. वर्गात फळा पुसायला, नकाशा आणायला मी कुणालाही उठवीन, त्याला कधी उठवलं नाही. चाचणीच्या दिवशी त्याला हमखास पहिल्या बाकावर, माझ्या टेबलासमोर बसवायची. मुलं हसायची. त्याला मारलं नाही, रागावले नाही, त्यामुळे आपण काही वाईट करतोय असं मला वाटलंच नाही. उलट वाटायचं, आपण किती तत्त्वाच्या!

दहावी होऊन तो गेला. मीही विसरले. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी एकदा एसटी स्टँडवर बसची वाट बघत होते. एक गृहस्थ आले, चांगले कपडे, सोबत लहान मुलगी. वाकून नमस्कार केला. मी नेहमीसारखं म्हटलं, "ओळखलं नाही रे, कुठल्या बॅचचा तू?" तो हसला आणि म्हणाला, "बाई, मी तो कॉपीवाला."

त्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही. त्याला वाटलं, मला त्याच खुणेवर ओळख पटेल. आणि खरं सांगते, तशीच पटली. त्याचा आवाज कडवट नव्हता, हेच जास्त लागलं. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. एवढ्यात माझी गाडी लागली, मागून लोक ढकलत होते, मी चढले. खिडकीतून बघितलं तर तो मुलीला कडेवर घेऊन हात हलवत होता.

म्हणून चिरंजीव जेव्हा "चोर चोरच" म्हणाले, तेव्हा मला स्वतःचाच आवाज ऐकू आला. आणि सोहम "पाच गोल्ड" म्हणाला, तेव्हा वाटलं, माझ्या त्या मुलाला निदान तालुक्याचा खो-खो खेळू दिला असता, तर त्याच्याकडे स्वतःची ओळख सांगायला दुसरं काहीतरी असतं. काराबातिचला अटकेनंतर चार महिन्यांत देशाच्या संघात जागा मिळाली. ओनेस्तांनी त्याचं नाव कापलं नाही. तोही मास्तर, मीही मास्तर. हे वाक्य वहीत लिहिलं आणि मी पुढे दोन दिवस वही उघडली नाही.

कुणी म्हणेल, ओनेस्तांना सामना जिंकायचा होता, त्यांना तो हवाच होता. असेल. कुणी असंही म्हणेल, की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्याला बाहेर ठेवायला हवं होतं. त्यावरही बोलता येईल, आणि मला स्वतःला त्याचं पक्कं उत्तर सापडलेलं नाही. पण एवढं मात्र कळतं, की शिक्षा किती आणि कधी संपते हे ठरलेलं असावं, आणि ती संपली की संपावी. ती मोजायचं काम ज्याचं त्याने करावं, शाळेने, क्लबाने, कोर्टाने. आपण स्टाफरूममध्ये बसून किंवा मोबाइलवर पाच मिनिटं वाचून तिला आजन्म करू नये. आणि उलट बाजूने, आवडता खेळाडू आहे म्हणून २०१२ चं पान चिकटवूनही टाकू नये. ते पान तिथेच राहील. लंडनचं सुवर्ण आणि पॅरिसमधली अटक एकाच वर्षातली आहे, एकाच माणसाची आहे. शाळेच्या गुणपत्रिकेत आम्ही एका विषयाचे गुण झाकून दुसऱ्याचे दाखवत नव्हतो.

आठ दिवस झाल्यावर दोघांना समोर बसवून निकाल दिला. टी-शर्टवर तेरा नंबर घ्यायला माझी हरकत नाही. अट एकच. संघातल्या कुणीही विचारलं, "तेरा का?", तर सोहमने पूर्ण गोष्ट सांगायची. झाग्रेब, लंडन, टोकियो सांगायचं आणि सेसोंचा सामनाही सांगायचा, "पण तो खेळत नव्हता" असं पुढे न जोडता. जमत असेल तर घे, नाहीतर दुसरा नंबर बघ.

सोहमने विचार केला आणि म्हणाला, "जमेल." चिरंजीव काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्यांनी त्याच्यासाठी नवे गुडघ्याचे पॅड आणले. आमच्याकडे तह असाच होतो.

सोहम निजायला गेला आणि परत आला. "आजी, आमच्या टीममधल्या एका मुलाने मागच्या वर्षी वयाचा खोटा दाखला दिला होता. त्याला एक वर्ष बॅन केलं. आता तो परत आलाय, पण सगळे त्याला 'डुप्लिकेट' म्हणतात. मीपण म्हणतो." मी विचारलं, "त्याचं खरं नाव काय?" सोहमला एक क्षण आठवावं लागलं, मग त्याने ते सांगितलं.

माझ्या विद्यार्थ्याचं नाव मला आठवतं. एसटी स्टँडवर तेव्हाही आठवलं होतं, फक्त ते हाक मारून म्हणायला मला वेळ लागला आणि तोवर गाडी सुटली. ते इथे लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. आमच्या गावाकडचे जे कोणी हे वाचत असतील आणि कुणाबद्दल आहे ते ज्यांच्या लक्षात आलं असेल, त्यांनी त्याला एवढंच सांगावं, की बाईंनी आठवण काढली होती, नावाने.